काचेवर बर्फ धरतो तेव्हा

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज पडदा पुसला आणि हसं करून घेतलं.

सकाळी ह्यांच्या खोलीत कॉफी घेऊन गेले तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर पांढरी बुरशी. नोव्हेंबरात चेन्नईत कशालाही बुरशी धरते. चपला, चष्म्याचं घर, सासूबाईंचा शालू. फडकं ओलं करून आणलं आणि पुसायला लागले. पुसते, पुसते, जाईना. मागे वळून बघते तर हे खुर्चीत टेकून हसतायत.

"अगं, बर्फ आहे तो. विमानाच्या काचेवर धरलाय. बाहेरून कसा निघेल?"

मला बर्फ माहीत आहे तो फ्रीजमधला आणि उसाच्या रसातला. काचेवर पिठासारखा बसणारा बर्फ माझ्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नसेल. ह्यांनीही नाही. साताऱ्याहून आले ते थेट इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाला एक स्वेटर लागला नाही. निवृत्तीनंतर टेबलाला सुकाणू आवळलं, खाली दोन पेडल बसवली, आणि तेव्हापासून चौदा वर्षं चार सीटचं, एका पंख्याचं विमान उडवतायत. खुर्चीवरून न उठता.

सध्या जम्मूहून श्रीनगर चाललंय. मधे पीर पंजालचे डोंगर. खरं हवामान इंटरनेटवरून येतं, त्यामुळे खरे ढग, खरी थंडी. आजची चौथी खेप. चौथ्यांदा परत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांनी दुधाचा पेला टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवला. म्हणजे हवेत. कामवाल्या सेल्वीने आज दुसऱ्यांदा लादी पुसली आणि मला म्हणाली, "अम्मा, अय्या परवापण असंच." अय्या म्हणजे हे, साहेब. हे म्हणाले, धक्का लागला. कुणाचा? खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

हल्ली माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यावरून मागच्या कॅलेंडरकडे बघत बोलतात. काय बिनसलंय ते सांगणार नाहीत. सातारकरांचा राग असाच, माठात मुरवायचा.

शु.चा फोन पुण्याहून. "आई, बाबा बरे आहेत ना?" म्हटलं, बाप तुझा जमिनीवर असतो कुठे.

२२ नोव्हेंबर, शनि.

आज मला शेजारी स्टूल टाकून बसवलं. चष्म्याचा नंबर बदललाय म्हणे, घड्याळांवरचे आकडे बारीक दिसतात, तू वाचून दाखव. उंची, वेग, बाहेरचं तापमान. मग चष्मा बदला, म्हटलं. "बदलू गं. आधी श्रीनगर."

वाचलं. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात घालवली, त्यातली पहिली बारा ट्रंक एक्स्चेंजात कानाला हेडफोन लावून. आकडे कसे म्हणायचे ते मला कोणी शिकवायला नको. एकेक अंक सुटा, सावकाश, न चढता न उतरता. मुरुगन हेडफोनमधून म्हणाला, "अम्मा, तुमचा आवाज खऱ्या विमानतळासारखा आहे." हा मुरुगन श्रीपेरुंबुदूरच्या एका गाडीच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनियर. शनिवारी घरून कॉम्प्युटरवर बसून ह्यांचा कंट्रोल टॉवर होतो. दोन मोठी माणसं. एक विमान उडवत नाही, दुसरा ते उतरवत नाही. दोघं घामाघूम.

बर्फाचं शिकले ते लिहून ठेवते, कारण उद्या विचारतील.
उणे तापमान आणि ढग, दोन्ही एकत्र आले की धरतो. ढगात शिरायच्या आधी वेग मोजायच्या नळीचं हीटर लावायचं, नंतर नाही. काचेवर गरम हवा सोडायचा दांडा पूर्ण बाहेर ओढायचा. तरी वाढला तर वाट बघत बसायचं नाही, मागे फिरायचं किंवा खालच्या गरम हवेत उतरायचं. नाक वर ओढायचं नाही. बर्फाने विमान जड झालेलं असतं, वेग गेला की पडतं.

आणि बर्फ काचेच्या कडांवर आधी धरतो. मधली काच शेवटी जाते. ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चारही बाजूंनी पांढरं सरकत आलं आणि मधे ताटलीएवढं आकाश उरलं. मग वाटीएवढं. मग तेही नाही.

पाचवी खेप. परत.

२९ नोव्हेंबर, शनि.

भांडण.

जेवताना मी विचारत होते की शु. डिसेंबरात येते म्हणते, तर वरची खोली रंगवून घ्यायची का. हे कॅलेंडरला उत्तर देतायत. मी ताट बाजूला सारलं. "माझ्याकडे बघून बोला. मी इतकी वाईट दिसायला लागले असेन तर तसं सांगा." तेव्हा बघितलं. म्हणजे तोंड माझ्याकडे केलं. क्षणभर. नजर कुठेतरी माझ्या कपाळाच्या आरपार. आणि परत बाजूला.

मी उठून गेले. पुष्कळ बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दुपारी खोलीतून ओरडले, धावपट्टी वाकडी दिसतेय, ह्या नव्या अपडेटने सगळं बिघडवलंय. मी जाऊन पाहिलं नाही. जम्मूची धावपट्टी सरळ की वाकडी, त्याच्याशी माझं काय देणंघेणं.

६ डिसेंबर, शनि.

समेट अर्धवट. स्टुलावर बसले, पण चहा केला नाही.

आज एक नवीन प्रकार. पुढची काच पूर्ण गोठली तर वैमानिक बाजूच्या खिडकीतून बघत विमान उतरवतो. विमान तिरकं करायचं, एक पंख खाली, पेडल उलट्या बाजूला दाबायचं, म्हणजे धावपट्टी बाजूच्या काचेत येते. अगदी टेकताना सरळ करायचं. हे सुंदर करतात. खरंच सुंदर. मान डावीकडे, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत, हात हलका. मुरुगन म्हणाला, "सर, आमच्या पोरांना एकालाही जमत नाही."

चार वेळा उतरवलं. चारही वेळा तिरकं. चौथ्या वेळी काच स्वच्छ होती. विचारलं, आता कशाला? म्हणाले, सवय.

१३ डिसेंबर, शनि.

आजचं आजच लिहिते.

आज श्रीनगर नव्हतं. काश्मिरात फार वारं म्हणून मुरुगन म्हणाला, सर, आज आपलं आपलं, चेन्नई ते वेल्लोर. ऊन. उंची चार हजार फूट. बाहेर चोवीस अंश, मी स्वतः वाचलं. खाली पालार नदी कोरडी पडलेली.

हे म्हणाले, "बर्फ धरतोय." आणि गरम हवेचा दांडा ओढला.

मला वाटलं थट्टा. "वेल्लोरला? इथे माणसं वितळतात."

"अगं, समोर बघ. मधेच धरलाय."

मी पडदा बघितला. लख्ख. वेल्लोरचा किल्लासुद्धा दिसत होता. मुरुगन हेडफोनमध्ये गप्प. तो कधीच गप्प नसतो.

मधे. मधेच धरलाय म्हणाले. कडांना नाही.

मी फक्त म्हणाले, "तापमान दोन चार. उंची चार शून्य शून्य शून्य." आणि पुढे आकडे वाचत राहिले. ह्यांनी मान वळवली आणि तिरकं उतरवलं.

१४ डिसेंबर, रवि.

सकाळी त्यांना गच्चीवर उजेडात नेलं. माझ्या समोर उभं केलं. उजव्या डोळ्यावर माझा हात ठेवला. आता डाव्याने माझ्या नाकाकडे बघा. काय दिसतं?

समोरच्या घरी रांगोळी घालणारी मुलगी वर बघायला लागली.

"तुझे कान दिसतात."

"आणि?"

"कान, आणि केसांचा अंबाडा. मधे काही नाही. मधे धुकं."

कधीपासून? "पाडव्याच्या आसपास." गुढी पाडवा. म्हणजे मार्च. नऊ महिने. डावा असा गेला, आणि आता उजव्यातही सरळ रेघा वाकतायत, दाराची चौकट वाकते, धावपट्टी वाकते. आणि मी नऊ महिने त्यांना माझ्याकडे बघून बोला म्हणतेय. डोळ्याच्या कोपऱ्यातून मी दिसत होते म्हणून ते कॅलेंडरकडे बघत होते. कॅलेंडरकडे बघितलं की मी दिसत होते.

मी काय काय बोलले त्यांना.

१६ डिसेंबर, मंगळ.

डोळ्यांचा दवाखाना, नुंगम्बाक्कम. साडेचार तास. डॉक्टरबाई शु.पेक्षा लहान, केसांत मोगरा, बोलणं नीट. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयाने झिजतो, त्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, गळतात. डाव्यात गळून, सुकून वण झालाय. तो परत येणार नाही. उजव्यात आता सुरुवात. डोळ्यात इंजेक्शन, दर महिन्याला एक. बहुतेकदा थांबतं. बहुतेकदा.

मी विचारलं, मार्चमध्ये आलो असतो तर?

बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्ता आलात ते बघू या, अम्मा."

हे सभ्य उत्तर झालं. मला उत्तर कळलं.

एक चौकटीचौकटीचा कागद दिला. मधे ठिपका. रोज एकेक डोळा झाकून बघायचं, रेघ वाकली की लगेच फोन. फ्रीजवर लावला.

१७ डिसें.

मुरुगनला फोन केला. त्याला माहीत होतं.

"अम्मा, जूनपासून. सर आकडे चुकायला लागले, तर मी इकडून सांगायचो. सरांनी शपथ घातली होती."

"तुझ्या आईचे डोळे असते तर शपथ पाळली असतीस?"

तो रडला. चाळीस वर्षांचा बाप्या. मी फोन ठेवला. ठेवल्यावर वाटलं, तो निदान आकडे तरी सांगत होता. मी काय करत होते? बरोबर एका भिंतीपलीकडे बसून भाज्या निवडत, मनातल्या मनात ह्यांना शिव्या देत होते.

सेल्वीलाही माहीत होतं. म्हणजे, काहीतरी आहे हे माहीत होतं. ह्या घरात डोळे असलेली मी एकटीच आंधळी.

१९ डिसेंबर, शुक्र.

इंजेक्शन घेणार नाही म्हणतात. डोळ्यात सुई नाही.

शु. फोनवर मोठमोठ्याने. "आई, ते मशीन आधी विक. स्क्रीनमुळेच झालंय. आणि दोघं इकडे या." स्क्रीनमुळे होत नाही, मी बाईंना विचारलं होतं. पण शु.ला तिच्या बापाचं एकच सुख सापडलं काढून टाकायला. माझीच मुलगी. फटकन बोलायची सवय कुठून आली तेही माहीत आहे.

नंतर ह्यांना विचारलं, का लपवलंत? सरळ उत्तर द्या.

म्हणाले, "विसाव्या वर्षी एकदा एका डॉक्टरने डोळ्यात टॉर्च मारला होता. पाच मिनिटांत कागदावर 'अनफिट' लिहिलं. बाहेर वडील उभे होते, पेढे घेऊन. परत टॉर्च नको वाटला."

हवाई दलाची गोष्ट मला माहीत होती. चष्म्याच्या नंबरात नापास झाले, एवढीच. पेढे माहीत नव्हते. अठ्ठेचाळीस वर्षं एका ताटात जेवतोय आणि पेढे आज कळले.

वाईट वाटलं. पण रागही गेला नाही. पेढ्यांसाठी एक डोळा घालवला ह्या माणसाने.

२० डिसेंबर, शनि.

सुकाणूची केबल काढून माझ्या गोदरेज कपाटात ठेवली. किल्ली कमरेला.

"इंजेक्शन नाही तर विमान नाही."

"ही दादागिरी आहे."

"हो."

मुरुगन दहाला ऑनलाइन येऊन वाट बघत बसला असणार. बसू दे.

हे दिवसभर खुर्चीत बसून होते. पुढे टेबल, रिकामं सुकाणू. हात त्यावर ठेवलेले. संध्याकाळी देवळातल्या लाउडस्पीकरवर गाणी सुरू झाली तरी तसेच. आत जाऊन केबल द्यावी असं तीनदा वाटलं. दिली नाही. शाळेत सिस्टर अगाथा म्हणायच्या, दया आणि लाड ह्यांत फरक करायला शिका. त्या बाईने मला छडीने फरक शिकवला. (ती माझ्या वह्याही उघडून वाचायची. म्हणून मी अकराव्या वर्षी रोजनिशी इंग्रजी सोडून मराठीत लिहायला लागले. आमची तंजावरकडची मराठी, लग्नानंतर सासूबाई तिला हसल्या, मग ही पुस्तकी शिकले.)

२२ डिसें.

सकाळी कॉफीच्या वेळी, कॅलेंडरकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत: "कधीची तारीख मिळेल?"

२९ डिसेंबर, सोम.

झालं. उजवा डोळा. आत मला जाऊ दिलं नाही. बाकावर माझ्याशेजारी एक आजोबा, हिरवी पट्टी. विचारलं, दुखतं का हो? म्हणाले, "दुखत नाही. येताना दिसते, तेवढंच."

सुई येताना दिसते. हे मला आधी कळलं नाही ते बरं झालं.

बाहेर आले तेव्हा माझा हात धरला. रस्त्यात, लोकांसमोर. मेट्रोत बसेपर्यंत सोडला नाही. ह्याआधी रस्त्यात हात धरल्याचं मला आठवत नाही.

३ जानेवारी, शनि.

केबल परत.

सगळ्या बटणांवर टिकल्या चिकटवल्या. गरम हवेच्या दांड्यावर मोठी मरून. नळीच्या हीटरवर खड्याची, बोटाला टोचते. दिव्यांना बारीक काळ्या. चाचपून पाहिल्या आणि म्हणाले, "विमानाचं हळदीकुंकू केलंस." मुरुगनला सांगितलं तर हसला. पहिल्यांदाच, त्या फोननंतर. मी म्हटलं, मुरुगन, रागावले होते मी. तो म्हणाला, "परवाल्ले अम्मा, चालतं. आईपण अशीच ओरडते."

मी आता आकडेच वाचत नाही, बाहेर काय दिसतं तेही सांगते. डावीकडे डोंगर, समोर ढगाचा थर, त्याची खालची कड करडी. ह्यांना ढग कसा आहे ते नेमकं लागतं. पांढरा म्हणून चालत नाही. फाटका? घट्ट? वर उन्हात चमकतोय का? मी ढगांकडे आयुष्यात इतकं बघितलं नव्हतं. वाळत घातलेल्या कपड्यांपुरतं बघायचे.

सहावी खेप. बनिहाल खिंडीच्या अलीकडून परत.

१५ जानेवारी, गुरु.

पोंगल. सेल्वीने ऊस आणि गोड पोंगल आणून दिलं.

हे वर्तमानपत्र उघडून बसले होते. पानं उलटत होते. मी बघत उभी. उजव्याने मोठे मथळे लागतात, बाकी नाही. तरी सगळी पानं क्रमाने उलटली, घडी केली, नेहमीसारखी, चार कोन जुळवून. मग म्हणाले, "आज काही विशेष नाही."

मी स्वयंपाकघरात गेले.

२७ जानेवारी, मंगळ.

दुसरं इंजेक्शन. स्कॅनमध्ये पाणी कमी झालंय. बाई खूष. "असंच राहिलं तर उजवा टिकेल, अम्मा. रेघा बघत राहा." मी त्यांना फिल्टर कॉफीची पूड दिली, कुंभकोणमची. घेत नव्हत्या. मी काय नाही ऐकणाऱ्यांतली?

येताना हे मेट्रोतल्या पाटीवरचं स्टेशनचं नाव वाचून दाखवत होते. प्रत्येक स्टेशन. तीस वर्षांची एक मुलगी बघायला लागली तर मी तिच्याकडे बघितलं. तिने मोबाइलमध्ये तोंड घातलं.

शु.ला कळवलं. ती रडली आणि मग लगेच म्हणाली, आता तरी पुण्याला या. म्हटलं, पुण्याला ह्या डॉक्टरबाई नाहीत.

७ फेब्रुवारी, शनि.

ओलांडलंच होतं जवळजवळ.

साडेतेरा हजार फूट. बाहेर उणे अकरा. कडांना बर्फ आला, गरम हवा आधीच चालू, खड्याची टिकली आधीच दाबलेली. मी सांगत होते, कडेला दोन बोटं, तीन बोटं. हे म्हणाले, थांब, ढगाची वरची कड किती वर आहे? मी म्हटलं, उजेड दिसतोय वर. पाचशे फूट चढलो आणि ढगातून बाहेर. खाली सगळं पांढरं, वर निळं, आणि काच सुटायला लागली. मधून वाटीएवढी, मग ताटलीएवढी.

"दिसतंय मला," हे म्हणाले. "मला दिसतंय गं, खोरं."

मीही बघितलं. खोरं होतं, खरंच. झेलमसारखं काहीतरी चमकत होतं.

आणि वीज गेली. आमच्या विभागात देखभालीचं काम, दहा ते दोन, मंडळाने आदल्या दिवशी मेसेज पाठवला होता. मी वाचला नव्हता. त्यांना वाचता येत नाही, मी वाचायला हवा होता.

रागावले नाहीत. "दिसलं होतं ना," म्हणाले.

मी मात्र वीज मंडळाला फोन लावून अर्धा तास बोलले. पलीकडचा मुलगा शेवटी म्हणाला, मॅडम, मेसेज पाठवला होता. त्याचंच खरं.

१४ फेब्रु., शनि.

काश्मिरात बर्फवृष्टी, विमानतळ बंद. खरा बंद म्हणून आमचाही बंद, असं मुरुगनचं म्हणणं. कॉम्प्युटरवर कोण अडवणार आहे? पण दोघांना नियम मोडायचा नाही.

मग त्यांनी मला चालवायला बसवलं. चेन्नईवर एक चक्कर. मरीनाच्या वाळूवरून तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्या शोधल्या, आमचं जुनं घर, बाबांच्या वेळचं. खोके नुसते, ठोकळे. तरी देवळावरून अंदाजाने म्हटलं, इथे. हे म्हणाले, "उतरव." समुद्रात उतरवलं. मुरुगन म्हणाला, "अम्मा, पोहून या."

हसले. किती दिवसांनी हसले हे.

१९ फेब्रु., गुरु.

फ्रीजवरचा कागद. उजवा. "सरळ आहेत." रोज तेच. आज मी दाराआडून बघत होते. कागदासमोर उभे राहिले, डावा झाकला, बराच वेळ बघितलं. मग मान थोडी वळवली. मग मोठ्याने, मी ऐकावं म्हणून, "सरळ आहेत."

मान का वळवली?

मानेला अवघडल्यासारखं होतं म्हणतात, तसं असेल.

२१ फेब्रुवारी, शनि.

आज आठवी खेप. जम्मूवर आभाळ मोकळं. मुरुगनने हवामान वाचून दाखवलं, डोंगरावर विरळ ढग, वाट मोकळी. आजच जायचं, हे म्हणाले. नवा शर्ट घातला होता.

चढत गेलो. दहा हजार. अकरा. उणे तीन, उणे पाच. मी आकडे सांगते, हे उत्तर देतात, मुरुगन अधूनमधून "सुपर सर" म्हणतो. ढग लागला नाही. काच स्वच्छ होती. मी समोर बघत होते, डोंगराची पहिली रांग, मधे खिंड, तिच्यावर ऊन.

बारा हजारांवर ह्यांचा हात मरून टिकलीवर गेला. दांडा ओढला.

"धरायला लागला ना?" म्हणाले.

मी आकडे थांबवले.

"धरलाय ना गं समोर? का मलाच?"

ह्या घरात ज्याने ज्याने मला खोटं सांगितलं त्याला मी डिसेंबरात सोडलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुरुगनला नाही. मी पडदा बघितला. लख्ख. एक ठिपका नाही त्यावर.

म्हटलं, "धरलाय. बराच धरलाय. मागे फिरा."

मुरुगनला त्याच्याकडे हवामान दिसत असतं, विमानही दिसत असतं. मग म्हणाला, "हो सर. रिपोर्ट आहे इकडे. बर्फाचा. परत या."

ह्यांनी सुकाणू हळूच डावीकडे वळवलं, पंख खाली, अगदी हलक्या हाताने. मी उंची वाचत होते. आवाज चढला नाही, उतरला नाही. जम्मूला उतरवलं. मान वळवून, तिरकं.

इंजिन बंद केलं, हेडफोन काढला, शर्टाची वरची गुंडी सोडली. म्हणाले, "पुढच्या शनिवारी ऊन असेल."

म्हटलं, "असेल."

आत जेवणाची पानं घ्यायच्या निमित्ताने गेले आणि दवाखान्यात फोन लावला. इंजेक्शन येत्या गुरुवारी होतं. काय झालंय ते बाईंच्या सहायिकेला सांगितलं, तर सोमवारी सकाळी सगळ्यांत आधी आणा म्हणाली.

ह्यांना सांगितलं, डॉक्टरबाई गुरुवारी गावाला जाणार आहेत, म्हणून सोमवारी बोलावलंय.

भात कालवत होते. हात थांबला. "बरं," म्हणाले. कुठल्या गावाला, ते विचारलं नाही.